पुस्तक मिटून

४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मामीच्या फोनवरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. माझंही सगळं ठीक चाललंय असं मी तिला सांगितलं, ते खरं नव्हतं. खोलीतल्या मैत्रिणीसमोर बोलवेना, म्हणून हे पत्र.

मी शरीरक्रियाशास्त्रात पुन्हा नापास झाले. आता एकच संधी उरली आहे, जुलैत. तेव्हाही विषय राहिला तर फिजिओथेरपीच्या वर्गातून माझं नाव काढतील. आई म्हणाली, झेपत नसेल तर घरी ये. ती मायेनेच म्हणाली, पण मला ते फार लागलं. मला यायचं नाही. मला माणसांना पुन्हा चालतं करायचं आहे आणि ते काम मला जमतं, प्रात्यक्षिकाच्या बाई स्वतः तसं म्हणाल्या.

आळस केला म्हणाल तर तसंही नाही. वाचनालय उघडतं तेव्हा मी दारात असते. प्रत्येक धडा तीन-तीनदा वाचलाय. महत्त्वाचं तेवढं पिवळ्या पेनने रंगवता रंगवता अख्खं पुस्तकच पिवळं झालंय. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि पेपर समोर आला की डोक्यातून कोणी झाडू फिरवल्यासारखं होतं. आता चौथ्यांदा वाचायला घेतलंय. तुम्हाला काही सुचतंय का?

मामीला नमस्कार. मी नापास झाले तरी तुमचा लोभ होता तेवढाच राहू द्या.

तुमची,
भिंगरी


९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सांगतोय मी, लिहितेय तुझी मामी. डोळ्यातला पडदा जागेवर बसावा म्हणून डॉक्टरांनी आत वायूचा बुडबुडा सोडलाय, आणि त्यासाठी मला दिवसभर पालथं पडून राहायचं आहे. दुसरा डोळा पहिल्यापासूनच अधू. त्यामुळे वाचन बंद, टीव्ही बंद. या जगात मला दोनच गोष्टी दिसतात, त्याही अंधुक: फरशी आणि तुझ्या मामीच्या चपला. (चपला स्वच्छ आहेत. – मामी)

इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, तर त्यातलंच एक सांगतो. माझ्याकडे बँकेतले एक गृहस्थ आले होते. रोज बायकोच्या शेजारी बसून ऑफिसला जायचे. रस्ता पाठ, गिअर कुठे बदलायचा तेही पाठ. त्यांच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि गाडी फाटकातच बंद पडली. फार खट्टू झाले बिचारे. तुझं तेच चाललंय. गाडी पुस्तक चालवतंय आणि तू शेजारी बसून खिडकीबाहेर बघतेस. चौथ्यांदा बसलीस म्हणून काय फरक पडणार आहे.

तेव्हा असं कर. एक धडा वाच, पुस्तक मीट आणि तो धडा मला पत्रातून समजावून सांग. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, हे धरून चाल. अडलीस तर तिथे जागा कोरी सोड, पण पुस्तक उघडू नकोस. पत्र पुरं झालं की मग उघड आणि चुकलेलं, राहिलेलं वेगळ्या शाईने लिही. एक धडा पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

नापास झालीस याचं वाईट वाटलं, पण तुझी काळजी मुळीच वाटत नाही. (वाटते. सकाळपासून दुसरा विषय नाही.)

पालथं पडल्या पडल्या तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
तुझा मामा


१४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत हृदयाचं पत्र आहे. पत्र कसलं, चाळणीच म्हणा. उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसांकडे जातं इथवर गाडी बरी चालली आणि मग झडपांपाशी बंद पडली. चारातल्या दोन झडपांची नावंच आठवेनात. आणि हा धडा मी चारदा वाचलाय, मामा. आधी रडू आलं, मग स्वतःचाच भयंकर राग आला. पुस्तक उघडायला हात इतके शिवशिवत होते की शेवटी मी ते मैत्रिणीच्या पलंगाखाली सरकवलं.

राहिलेलं सगळं नंतर हिरव्या शाईने भरलंय. गंमत म्हणजे त्या हिरव्या ओळीच आता सगळ्यात पक्क्या बसल्यात.

मैत्रीण म्हणते, परीक्षा तोंडावर आलेली असताना पत्रं कसली लिहीत बसलीस. ती एका दिवसात दोन धडे उरकते आणि माझा एकही धड होत नाही. तरी मी लिहिणार आहे.

मामीला सांगा, माझं अक्षर लागलं नाही तर चष्म्याला दोष देऊ नकोस. दोघांची माया अशीच असू द्या.

तुमची,
भिंगरी


२३ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हृदय आवडलं. फुप्फुसंही झकास. डोळ्याचं पत्र ऐकलं तेव्हा मला काय झालं होतं ते पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांसमोर मी नुसतीच मान हलवली होती.

मूत्रपिंडाचं पत्र मात्र वाचता वाचता तुझ्या मामीला झोप लागली. (लागली. बसल्या जागी.) त्यात एकही जागा कोरी नाही, हिरव्या शाईचा टिपूस नाही आणि सुरुवातीनंतर 'मामा' हा शब्द एकदाही नाही. म्हणजे तू पुस्तक उघडलंस. रागावलो नाही. चढ आला की शिकाऊ माणूस माझ्या तोंडाकडे पाहतो, मला ते रोजचंच आहे. पण मी तेव्हा खिडकीबाहेर बघतो.

तेव्हा ते पुन्हा लिही. आणि एक सांग. उन्हात दिवसभर शिकवण्या असल्या आणि पाणी प्यायला सवड मिळाली नाही, की लघवी कमी होते आणि गडद होते. (हे असलं मला लिहायला लावतात.) पाणी कमी आहे हा निरोप तिथवर पोचवतं कोण?

उत्तराच्या ओढीने,
तुझा मामा


२८ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पकडलंत. त्या दिवशी मैत्रिणीचे सगळे धडे वाचून संपले होते, म्हणून मी घाबरले आणि पुस्तकातून उतरवून काढलं. आता हे खरं पत्र.

मामा, मामी कपाट आवरते ते आठवा. नको ते शोधत बसत नाही. बहुतेक सगळं बाहेर पलंगावर काढते, मग हवं ते परत आत लावते आणि उरलेलं टाकून देते. मूत्रपिंडं तेच करतात. रक्तातलं पाणी, साखर, क्षार आधी सरसकट गाळून काढतात आणि कामाचं परत आत घेतात. तुम्ही उन्हात पाण्यावाचून असलात की रक्तातलं पाणी कमी होतं. मेंदूला ते जाणवतं आणि त्याच्या तळाशी लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून निरोप सुटतो, की पाणी टाकू नका, परत घ्या. त्या निरोप्याचं नाव आठवलं नाही, ते खाली हिरव्या शाईत आहे. तुमचा प्रश्न पुस्तकात कुठेच नव्हता. त्याचं उत्तर जुळवताना धडा पहिल्यांदा माझा झाला.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकणार नाही. हृदय पक्कं झालं म्हणून सोडून दिलं होतं. परवा सहज आठवून पाहिलं तर झडपा पुन्हा गायब. म्हणून आता सगळ्या धड्यांच्या चिठ्ठ्या करून पेल्यात टाकल्यात. रोज मैत्रीण चिठ्ठी काढते आणि जो धडा निघेल तो तिला समजावून सांगायचा. तुम्ही तरी आठवडाभर नुसती गाडी मागे घ्यायला शिकवता का?

रागवायचं असेल तर मामीकडून लिहवून घ्या, ती सौम्य करून लिहील.

तुमची,
भिंगरी


४ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठ्यांचं मान्य. हरलो. (हे वाक्य मी जपून ठेवणार आहे.)

मला आता बसायची परवानगी मिळाली आहे. सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं, पण मामीचा चेहरा कळतो. आईचा फोन आला होता. घरी ये म्हणाले ते चुकलं का, असं विचारत होती. निकालानंतर विचार, असं सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवं काही उघडू नकोस आणि पोटभर झोप. लायसन्सच्या परीक्षेला नेताना मी कोणाला नवं वळण शिकवत नाही.

पाठीशी उभा, खरं तर खुर्चीत बसलेला,
तुझा मामा


१५ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पेपर झाला, आणि मी एक घोटाळा करून बसले.

पहिलाच प्रश्न होता, शरीरात पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं काय करतात. वाचलं आणि तुमचा उन्हातला घामेजलेला चेहरा समोर आला. लेखणी आपोआप चालू झाली. दोन ओळी झाल्यावर पाहते तर वर लिहिलेलं, 'ती. मामांस, सा. न. वि. वि.'

उत्तरपत्रिकेवर ओळखीची कुठलीही खूण केली तर पेपर रद्द होऊ शकतो. पर्यवेक्षकांना दाखवलं. ते म्हणाले, खोडा आणि पुढे लिहा, काय ते परीक्षक ठरवतील. मी एक रेघ मारली आणि पुढे लिहीत सुटले, कपाटासकट. निरोप्याचं नावही आठवलं. एकही जागा कोरी सोडली नाही, मामा, आणि या वेळी पुस्तक खरंच मिटलेलं होतं.

आता त्या एका ओळीपायी सगळं जाईल का, हेच मनात घोळतंय. गेलंच, तर मला विषय येत होता एवढं तुम्हाला तरी ठाऊक असेल.

तुमची,
भिंगरी


९ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पाहा लागतं का.

मी पास झाले. पेपर रद्द झाला नाही. आईला फोनवर कळवलं तर ती म्हणाली, सुट्टीत तरी घरी ये.

अर्ज करून उत्तरपत्रिका पाहून आले. पहिल्या प्रश्नाला पूर्ण गुण आहेत. मी खोडलेल्या ओळीशेजारी लाल शाईत परीक्षकांनी लिहिलंय, 'मामांना नक्की समजेल.'

तुम्हा दोघांची,
भिंगरी


१४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आज लिहितोय मी स्वतः, ओळी वरखाली गेल्या तर चालवून घे. तुझं पत्रही माझं मीच वाचलं, मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. लाल शाईच्या ओळीपाशी मला थांबावं लागलं. डोळ्यात औषधाचे थेंब टाकले की अजून पाणी येतं.

(थेंब टाकायला अवकाश होता. – मामी)