बिनधुराचं बाळंतपण

कोल्हार,
ता. २० जानेवारी १९७१

चि. सौ. लंकास दादांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. जावईबापूंना नमस्कार. विहिणबाईंना सांग, त्यांनी एस.टी.वाल्याबरोबर पाठवलेले तिळाचे लाडू तुझ्या भावानं, गोरक्षानं, एकट्यानंच फस्त केले. आम्हाला नुसता वास मिळाला. तुला आता सातवा लागला. विहिरीवरून पाणी आणत जाऊ नकोस.

मोठी बातमी म्हणजे गोरक्षानं गोठ्यामागं गोबरगॅस बसवला. खड्ड्यात शेण पाण्यात कालवून सोडायचं. ते आत कुजतं, त्याचा वायू लोखंडी टाकीत साठतो आणि नळीनं थेट घरात येतो. काडी लावली की निळा जाळ! धूर नाही, काजळी नाही. खाली उरलेली रबडी उसाला खत. सगळा गाव बघायला लोटला. सरपंच आप्पासाहेब तर नळीला कान लावून बसले होते.

पण तुझी आई! म्हणाली, "शेनाच्या वायूवर अन्न शिजवू व्हय मी?" मी म्हटलं, अगं, जन्मभर गोवऱ्यांवरच भाकरी भाजलीस, त्या काय चंदनाच्या होत्या? झालं, माझ्याशी अबोला. भोगीला मात्र कशीबशी तयार झाली. तीळ लावलेली पहिली भाकरी उतरवली आणि सवयीनं अग्नीला घास दिला, तो थेट बर्नरवर! भोकं बुजली, जाळ विझला, घरभर वास सुटला. गोरक्ष बाभळीच्या काट्यानं भोकं उकरत बसला. तर हिचं उलट आम्हालाच, "ज्या जाळाला घास चालत न्हाई, त्यो कसला अग्नी?" शेवटी मी तुळशीपाशी मडक्यात एक निखारा ठेवला. आता घास तिथं टाकते आणि स्वयंपाक गॅसवर करते.

आता खरं लिहितो. तुला कळवू नये म्हणून तिनं मला गळ्याची शपथ घातली होती, ती मोडतोय. तिच्या छातीत धुरानं घर केलंय. दिवाळीपासून आडवं झोपता येत नाही, भिंतीला टेकून बसते. नगरच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, या बाईला पुन्हा धूर लागता कामा नये, जिवावर बेतेल. गोबरगॅस त्यासाठीच बसवला. उसाचं खत वगैरे आपलं गावाला सांगायला.

पण तुझं बाळंतपण तिनं फार मनावर घेतलंय गं. माळ्यावर गोवऱ्या रचल्यात, ओवा-शेपा निवडून ठेवलाय. दार लावून बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, तुला शेक, बाळाला धुरी. मी म्हटलं, मालनबाई सुईण आहे की, तिला करू दे. तर म्हणते, "लेकीची पहिली खेप हाय. मेले तरी चालंल, पर धुरी मीच देनार." सवा महिना त्या कोंडलेल्या खोलीत ती निखाऱ्यापुढं बसली, तर लंके, ती पुन्हा उठायची नाही. मला भीती वाटते.

माझं ती ऐकत नाही, गोरक्षाचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तिच्या नावानं पत्र टाक, गोरक्ष वाचून दाखवील. माझं नाव काढू नकोस. लिही की आई, मला धुरी नको. पाणी गॅसवर तापव आणि रबरी पिशवीनं शेक दे. शेगडी पेटवलीस तर मी येणार नाही, इथं सासरी, सोनईलाच बाळंत होईन. ती चिडेल, रडेल, लई शहानी झाली म्हणेल. म्हणू दे. तू मऊ पडू नकोस. तुझ्या लेकराला धुरी नसली तरी चालेल गं पोरी, आजी पाहिजे.

पत्र चांगलं कडक लिही.

तुझ्या रागावर भिस्त ठेवून बसलेला,
तुझा दादा
सूर्यभान