मिरच्यांनी अडवलेला पाऊस

धाकट्या सुतिनाहला थोरलीचा सलाम.

तुझा गुडघा वाकतो का आता? नवऱ्याचा दमा कसा आहे? (त्याचं तोंड चालू असणारच, ते विचारत नाही.) आम्ही चांगले आहोत असं लिहिणार होते, पण गावातलं कोणीही तुला खरं सांगेल.

आपल्या नातवाचा, गालिहचा फुटबॉल संघ यंदा दुसऱ्या लीगमधून खाली तिसरीत गेला. पोरांनी नाही घालवला, मी घालवला. लग्न कोणाचंही असो, पाऊस थांबवायला माणसं माझ्याकडे येतात, हे तुला माहीत आहेच. झाडूच्या हिरांवर लाल मिरची आणि कांदा टोचून जमिनीत खोचले की ढग आल्या वाटेने जातात. (आईने तुलाही शिकवलं होतं, तुझ्या हातून पूर आला.) शेवटच्या सामन्याच्या सकाळी गालिह दारात उभा राहून काळ्या ढगांकडे बघत होता, ताट तसंच पडलं होतं. मला वाटलं, गोलकीपर पोरगं, भिजायची काळजी लागली असेल. कोणाला न विचारता गोलच्या मागे हीर खोचून आले. पावसात माझ्या केळ्याच्या भज्यांकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, तेही मनात होतं, खोटं कशाला लिहू.

ढग गेले, कडक ऊन पडलं. मग कळलं की नदीकाठच्या त्या म्हशी डुंबायच्या मैदानावर आमची पोरं जिंकतात ती फक्त चिखलात. चापूनचोपून केस बसवलेले शहरातले खेळाडू तिथे आडवे होतात, आणि गालिह पावसाचीच वाट बघत होता. (मी वर्षभर मैदानाच्या दाराशी बसते, पण आत बघतंय कोण.) नुसती बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो. कोरड्यात त्यांनी तीन गोल मारले. एक चेंडू बाहेर गेला, तो आणायला गालिह गोलमागे गेला आणि त्याला माझ्या मिरच्या दिसल्या. तिथून त्याने दाराशी बसलेल्या माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं. चौथा गोल गेला तेव्हाही तो माझ्याकडेच बघत होता.

प्रशिक्षक पाक हार्तोयो भला माणूस. भजी घेतली आणि हळूच म्हणाला, "म्बाह आजी, आधी एकदा विचारायचं होतंत." शेजारची न्गातमी मात्र रोज ओरडते, "म्बाह, आमच्या शेताकडून जाऊ नका, भाताला पाणी हवंय." मी आता बाजाराला मागच्या वाटेने जाते. गालिह बोलत नाही. बोलेना का, घरात शांतता आहे.

तुझी थोरली,
वागिनेम

ता. क. गालिह सोमवारी तुमच्या सालातिगातल्या संघात निवडीसाठी येतोय. त्याने त्याच्या आईला सांगितलं, मी भिंतीआडून ऐकलं. तुझ्याकडे ठेवून घे. कोणी विचारलं तर तुझ्या नवऱ्याकडचा नातू सांग. माझं नाव तिथवर पोचलं असेल तर पोराला मैदानात पाऊल टाकू देणार नाहीत.

आणखी एक. बसवाल्याच्या हाती खोबऱ्याचा सेरुंदेंग पाठवलाय. तुझ्या हातचा म्हणून भातावर वाढ. ओळखेल तो, तुझ्या हाताला चव कधी होती. ओळखूनही खाल्ला, तर मला कळव.