ढकलायचं, ओढायचं नाही

बाबा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. मुलुंडच्या कारखान्यातलं ते जर्मन करवतीचं मशीन अजून चालू आहे आणि आता ते माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी आधी प्लग काढते, पात्याला गुण्या लावून मागच्या आधारपट्टीशी काटकोन जुळतो का बघते, ज्या दांड्यांवरून करवत पुढेमागे सरकते त्या हाताने हलवून ढिल्या झाल्यात का तपासते. मग दोन टाकाऊ तुकडे कापते, एक उलटा करून दुसऱ्याला भिडवते आणि खिडकीकडे धरते. मधून उजेड दिसला तर मशीनवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. ही शेवटची रीत तुमची. माहितीपुस्तकात ती नव्हती.

मशीन आलं तेव्हा मला डिप्लोमा करून तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात लागून चार महिने झाले होते, अजून कायम व्हायचं होतं. अंधेरीच्या एका हॉटेलचं काम होतं: छताच्या कडेने सागवानी नक्षीची पट्टी, पंचेचाळीस अंशांत कललेली. ती टेबलावर आडवी ठेवून कोपऱ्याचा सांधा कापायचा तर टेबल सव्वापस्तीस अंशांवर फिरवायचं आणि पातं तीस अंशांत कलवायचं, दोन्ही एकदम. हा हिशोब मी केला. इंग्रजी पुस्तकावरून नऊ सूचनाही मराठीत लिहून काढल्या. सहावी अशी होती: पातं वर उचलून आपल्याकडे ओढा, मग खाली दाबा, आणि कापताना पुढे ढकला. तुमच्या जुन्या मशीनवर उलटं होतं. तिथे करवत आपल्याकडे ओढतच कापायची असे, आणि तुमच्या हाताला वीस वर्षं तेच ठाऊक होतं. नव्यावर तसं ओढलं की पातं लाकडावर चढतं आणि माणसाच्या अंगावर येतं.

मी कागद घेऊन तुमच्याजवळ आले तर पॉलिशवाला ओरडला, "मिस्त्री, मास्तरीण आली! पाटी-पेन्सिल काढा!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, मग एकदम थांबून म्हणालात, "गो, कागद वाचून लाकूड कापतत काय? जा, आफिसात बस." एकच गोष्ट सांगते, एवढंही मी म्हटलं नाही. परत फिरले आणि कागद खणात ठेवला.

दोन दिवस मी काचेतून बघत होते. तुम्ही ओढत होतात. खोक्याच्या मऊ फळ्यांवर काही झालं नाही, मशीन नुसतं दचकायचं. सागवानावर काय होईल ते मला माहीत होतं. नेमकं लिहायचं तर, तुम्हाला एकदा सगळ्यांसमोर जोराचा हिसका बसावा असं मला वाटत होतं. बोटं माझ्या मनात नव्हती. पण पात्याचा वेग मला पाठ होता, तेव्हा मनात नव्हती याला फारसा अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तुम्ही सागवान लावता. शिकंजा आवळत नाही, पट्टी डाव्या हाताने धरता. मी खुर्चीवरून उठते. दारापर्यंत जात नाही. मशीनचा आवाज जाड होतो, पट्टी उसळते आणि तुमचा डावा हात तिच्याबरोबर पात्याखाली जातो. तीन बोटं.

हॉस्पिटलातून तुम्ही घरी आल्यावर शेठनी दोघांना बोलावलं. मला म्हणाले, "पुस्तक तुझ्याकडे होतं. यांना सांगितलं होतंस ना?" मी म्हटलं, "हो." आमच्याकडे राहणाऱ्या मामाची गिरणी संपात बंद होती, तुमचा हात गेला होता, घरात माझाच पगार उरणार होता. ही कारणं मी नंतर जुळवली. हो म्हणताना यातलं काही डोक्यात नव्हतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "चेडवान सांगलेला, शेठ. मीच आयकूक नाय." निष्काळजीपणा कामगाराचा, असं लिहिलं गेलं आणि तुम्ही खाली सही केलीत. मी कायम झाले. तुम्ही घरी बसलात.

जोगेश्वरीच्या खोलीत तुम्ही आईला नारळ खवून द्यायला बसायचात. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत वाटी ठरायची नाही, फिरून पडायची, तुम्ही पुन्हा उचलायचात. "ऱ्हवांदे ओ," आई म्हणायची. अशाच एका दुपारी, आई बाहेर गेलेली असताना, तुम्ही मला विचारलंत, "त्या कागदार काय लिवलेलंस?" मी आणून वाचला. सहावी सूचना झाल्यावर म्हणालात, "परत वाच." मी वाचली. तुम्ही उजवा हात हवेतल्या हवेत पुढे नेलात, सावकाश. "ढकलूचा," म्हणालात. आणि थोड्या वेळाने, "बरा लिवलंस गो." शेठसमोर माझ्यासाठी खोटं बोललात तेव्हा मी काय लपवतेय ते तुम्हाला माहीत नव्हतं. ढकलायचं हे मला आधीपासून ठाऊक होतं, ते त्या दुपारी कळलं. पुढच्या वर्षी काविळीने गेलात, तोवर त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. मीही नाही.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही. तुमचा पत्ता असता तरी मी टाकलं नसतं. नव्या माणसांना मशीन शिकवताना मी पहिल्यांदा तुमचंच सांगते, नाव न घेता, एक मिस्त्री होते म्हणून. आज सकाळी एका वयस्क सुताराने विचारलं, "मॅडम, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं काय?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं." तोंडात बसलंय म्हणून नव्हे. विचार करून म्हटलं.