कडेला उभा राहिलेला खाणवाला

सर, कालपासून तुम्हाला एक गोष्ट सांगायचं मनात घोळतंय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुम्हाला सांगायचं म्हणजे नीट सांगायला हवं, म्हणून हा कागद पुन्हा नव्याने घेतला आहे.

निफाडला थंडी पडली की मला अजून शाळेचं मैदान दिसतं. द्राक्षबागांवरून धुकं सरकत येतंय आणि तुम्ही डावा पाय ओढत मधोमध येऊन उभे राहताय, बगलेत चिंध्यांचा लांबट चेंडू. देवळालीच्या छावणीत तुम्ही कामाला होतात, तेव्हा एका म्हाताऱ्या साहेबाने तुम्हाला रग्बी नावाचा हा खेळ दाखवला होता. चेंडू हाताने मागेच द्यायचा आणि आपण पुढे पळायचं. "सर, मागंच द्यायचा तर पुढं पळायचं कशाला?" असं एकाने विचारलं. तुम्ही म्हणालात, "तू पळ बाबा. अक्कल येईल मागनं."

दमून बसलो की तुम्ही त्या साहेबाकडून ऐकलेली, वेल्स देशातल्या एका जुन्या खेळाडूची गोष्ट सांगायचात. त्याचं नाव तुम्हाला आठवत नसे, म्हणून आम्ही त्याला खाणवाला म्हणायचो. तो कोळशाच्या खाणीतून वर यायचा, अंग धुवायचा, तरी पापण्यांच्या कडेला काजळासारखा कोळसा राहायचा. देशाकडून पहिला सामना खेळला, त्यात सगळे सपाटून हरले, पण देशाकडून खेळणाऱ्याला देतात ती गोंड्याची टोपी त्याला मिळाली. ती त्याच्या आईने देवाजवळ ठेवली, असं तुम्ही सांगायचात. पुढच्या वर्षी तो पुन्हा निवडला गेला आणि त्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्या काळी बदली खेळाडू नसे. तो मैदानाच्या कडेला एका पायावर उभा राहिला. इथे तुम्ही थांबायचात. पुढचं विचारलं की म्हणायचात, "चला, घंटा होईल." नववीत माझी शाळा सुटली, मग तुम्ही गेलात, आणि तो आपला धुक्यात उभाच आहे.

माझा धाकटा भाऊ जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवडला गेला होता. परवा सरावात गुडघ्यावर पडला. डॉक्टर म्हणाले, आता खेळ बंद. काल दुपारपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, भाकरीला हात लावला नव्हता. दुसरं काही सुचेना, म्हणून मी उशाशी बसून खाणवाल्याची गोष्ट सांगत गेलो. मैदानाच्या कडेपर्यंत आलो आणि थांबलो.

"मंग? परत खेळला का नाय तो?"

हो म्हणावं तर उद्या त्याच्या पदरी निराशा, नाही म्हणावं तर आजच.

"नाही खेळला," मी म्हणालो. "लांबच्या एका गावी गेला. तिथल्या पोरांना शिकवायला लागला. चेंडू नव्हता, तर चिंध्यांचा शिवला."

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या सरांनी."

भावाने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तो माझ्याकडे कुशीवर वळला.

"लंगडत शिकवायचा?"

"डावा पाय ओढत."

"पोरं लय हसत असतील."

"हसायचो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "कालवण काय हाय?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून पेटीत ठेवतो. खाणवाल्याला मी तुमचा पाय दिला, सर, न विचारता. तो पाय कशाने अधू झाला, हेही मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं.