पाठमोरी मुलगी आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय मुलांची पुस्तकं लिहिणं आणि त्यांत चित्रं काढणं, हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. कुणी धाक दाखवलेला नाही. आता दाखवून उपयोगही नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मोठ्या मुलीला. छत गळतं, ते आधी बघ गं बाई.

२. ब्रश आणि शाया माझ्या बाइंडरला. इतकी वर्षं पुस्तकं शिवली, पण एक पान उलटं लागलं नाही. सगळी सन्मानचिन्हं मेहुण्याला. "चित्रं काढून पोट भरतं का?" असं त्याने माझ्या लग्नात चारचौघांत विचारलं होतं. आता बसावं धूळ पुसत.

३. माझ्या प्रत्येक पुस्तकात गर्दीच्या चित्रात एक पाठमोरी मुलगी आहे, डावा मोजा घसरलेली. बाकी गर्दी मी आधी पेन्सिलीने काढतो. तिला सगळ्यांत शेवटी, थेट शाईने. ती माझी धाकटी. तापाने गेली तेव्हा सहा वर्षांची होती.

नव्या आवृत्तीतून प्रकाशक तिला गाळणार आहे. म्हणाला, "काका, गोष्टीशी तिचा संबंध काय? पान मोकळं दिसेल." अरे गाढवा, गोष्टच तिच्यासाठी होती! सबब, सर्व पुस्तकांचे आणि चित्रांचे हक्क मोठीला. प्रकाशकाने एका रेषेलाही हात लावायचा नाही.

४. परवा इथे मोठी म्हणाली, "बाबा, तिला जाऊ द्या आता. पुस्तक उघडलं की मी आधी तिलाच शोधते, मग पुढे वाचवत नाही."

मला राग आला. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने माझी ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि निघून गेली. तेव्हापासून विचार करतोय.

म्हणून अट घालत नाही. धाकटीला ठेवायचं की पुसायचं, हे मोठीनेच ठरवावं. मी चेहरा काढायला बसलो की हात थांबायचा; आता तर डोळे मिटले तरी तो दिसत नाही. त्यांची आईही गेली. पुसायचंच झालं, तर जिला तो चेहरा अजून आठवतो तिनेच पुसावं.

सही: (थरथरली आहे, पण माझीच)

समक्ष सही करणारे:
१. दिवसपाळीची नर्स
२. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर

ठिकाण: दवाखाना, खिडकीजवळची खाट
दिनांक: ९ नोव्हेंबर, सोमवार