डाव्या कमरेचं पोलाद

९ एप्रिल, मंगळवार

आज चोर पकडला! म्हणजे पकडला नाही, पळाला. पण कसला पळाला!

दुपारी गॅरेजमध्ये खुडबुड ऐकली. बायको वर्ना चर्चमध्ये केक भाजायला गेलेली. गेलो तर लाल टोपीवाला उंच माणूस, खांद्यावर शिडी. कंबरेचं पिस्तूल काढलं, रोखलं. पठ्ठ्याने शिडी टाकली, हात वर, तोंडाने काहीतरी ओरडत होता. ऐकतो कोण? चापावर बोट होतं माझं. तेवढ्यात तो मागच्या दाराने जो सुटला तो थेट मक्याच्या शेतात.

स्वतःची शिडी घेऊन चोरीला येणारा, वर ती विसरून जाणारा चोर! ॲल्युमिनियमची आहे, चांगली आहे. ठेवून घेतली.

वर्नाला रंगवून सांगितलं. बाई पांढरीफटक. "चापावर बोट होतं तुझं?" एवढंच विचारलं. अगं बाई, मग काय नाकात असणार?

१० एप्रिल

सकाळी निघताना वर्नाने जवळ येऊन माझा शर्ट खाली ओढला, पिस्तुलावरून नीट बसवला, वर एक थापटी दिली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर लाड! चोर अधूनमधून यायला हवेत.

२१ एप्रिल, ईस्टर

प्रवचनाच्या ऐन मध्यावर पँट घसरली. सव्वा किलो पोलाद एकाच बाजूला, दुसरं काय होणार? पाद्री येशू कबरीतून वर आल्याचं सांगतोय आणि मी पँट वर ओढतोय.

जेवायला लेक डार्ला एकटीच, पोरांना घेऊन. जावई नाही. वेंडेलला म्हणे काम आहे. ईस्टरला काम? मुलीने हॅमचा तुकडा काट्याने नुसता इकडून तिकडे फिरवला. भांडले असतील. मी विचारलं नाही. मला काय!

२४ एप्रिल, बुधवार

भलतंच झालंय. संध्याकाळी पिस्तूल काढून फ्रिजवर ठेवताना पाहिलं, तर मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन बोटभर खाली निसटलेलं!

आता हे माझं जुनं यंत्र. मॅगझिन पुरतं बसलेलं नसेल तर चाप कितीही ओढा, गोळी उडत नाही. नळीत गोळी असली तरी नाही. बनवणाऱ्यांनी मुद्दाम तशी सोय केली होती. म्हणजे आज दिवसभर मी कंबरेला इस्त्री बांधून हिंडलो. चोर परत आला असता तर काय, फेकून मारणार होतो?

वर्नाला हे सगळं परत समजावून सांगितलं. "माहितीये," म्हणाली. "तूच शंभरदा सांगितलंयस." आणि बटाटे सोलत राहिली.

२६ एप्रिल

परत निसटलं.

३० एप्रिल, मंगळवार

हॉलिसकडे गेलो. बंदुका दुरुस्त करतो, शाळेपासूनचा दोस्त, तोंडाचा फाटका. काउंटरवर पिस्तूल ठेवलं तर म्हणतो, "लेल्या, हे अजून आहे? मला वाटलं तू वितळवून त्याचा नांगर केलास."

मग नेहमीचं पुराण. पार्ट मिळत नाहीत. कंपनीने बनवणं बंद करून वीस वर्षं झाली. "हे बघ प्लॅस्टिकचं. निम्मं वजन, दुप्पट गोळ्या."

म्हटलं, "प्लॅस्टिकचा डबा वर्ना बटाट्याच्या सॅलडसाठी वापरते. मी नाही वापरत."

शेरीफच्या पोलीस खात्याने ही पिस्तुलं मोडीत काढली त्याच वर्षी मलाही घरी बसवलं. मी माझं विकत घेतलं. दोघं एकदमच भंगारात निघालो, तर एकमेकांना सोडायचं कशाला? याच्या पोलादावर माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय. प्लॅस्टिकवर काय पडणार, ओरखडा?

हॉलिसने तासभर ठोकून, हलवून पाहिलं. मॅगझिन जाम निसटेना. "तू डावखुरा आहेस," म्हणाला. "मॅगझिन सोडायचं बटण तुझ्या बाजूने बाहेर येतं. सीटबेल्ट दाबत असेल. नाहीतर खुर्चीचा हात." नवीन स्प्रिंग मात्र टाकली, कुठल्यातरी मेलेल्या पिस्तुलातली. परत देताना म्हणाला, "पिस्तूल ठणठणीत आहे. आता माणूस तपासून घे."

हसलो दोघं.

४ मे, शनिवार

हॉलिसच्या शेतात नेम धरून आलो. पन्नासपैकी सेहेचाळीस! एकदाही निसटलं नाही. हात थरथरत नाही, डोळा शाबूत. घरी येऊन छाती फुगवून सांगितलं. वर्ना म्हणाली, "नेम चांगला आहे तुझा. तीच तर भीती आहे." बायकांचं बोलणं कळेल तर शपथ.

७ मे

निसटलं! नवी स्प्रिंग, सीटबेल्ट नाही, ट्रकला हात लावला नाही. झक मारली त्या हॉलिसने.

१२ मे, मदर्स डे

डार्ला परत एकटीच. सरळ विचारलं, "नवऱ्याने सोडलं का तुला?" तर रडायलाच लागली. वर्नाने तिला आत नेलं. दोघी कुजबुजल्या. मी पोरांबरोबर आईस्क्रीम खात बसलो. धाकटी म्हणते, "आजोबा, तुमच्याकडे ते आहे का आत्ता?" म्हटलं, आहे की. ती उठून आजीकडे गेली.

मला हे आवडलेलं नाही. या घरात काहीतरी चाललंय आणि मॅगझिनही निसटतंय. या दोन बायकांना सांभाळायला मी एकटा, आणि तोही बिनगोळीचा!

१५ मे, बुधवार

छडा लावायचाच म्हणून बसलो. उठल्यावर पाहिलं, घट्ट. कंबरेला लावलं, पाहिलं, घट्ट. नाश्ता झाला, पाहिलं, घट्ट. वर्ना आली. "शर्ट वर गेलाय," म्हणत खाली ओढला, थापटी दिली. मी तडक बाथरूममध्ये. निसटलेलं.

बाहेर आलो. ती तिथेच उभी होती.

"तू?"

"हो. मी. रोज. सव्वा महिना."

असा ओरडलो की कुत्रा पलंगाखाली गेला. माझ्या कंबरेला मुडदा बांधून मला गावभर फिरवलंस? मारून टाकलं असतं कुणी तर?

ती ओरडली नाही. "वेंडेल होता तो, लेलँड. शिडी परत करायला आला होता. 'बाबा, मी आहे, बाबा, मी वेंडेल' असं ओरडत होता. तू त्याच्याकडे बघत होतास आणि तुला तो ओळखू येत नव्हता. शेतातूनच त्याने मला फोन केला. त्याचे दात वाजत होते."

खोटं आहे म्हटलं. मी माझ्या जावयाला ओळखणार नाही?

"मग काढून का नाही घेतलंस?"

"दुसरं आणलं असतंस. हॉलिसकडे काय तोटा आहे? आणि त्यात ही सोय नसती." मग खुर्चीवर टेकली. "रोज वाटायचं, आज बटण नीट दाबलं गेलं नाही तर?"

दिवसभर बोललो नाही तिच्याशी. जेवलोही नाही. मला भीती वाटतेय. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाही म्हणायला नको.

१६ मे

गॅरेजमध्ये जाऊन शिडी उलटी केली. खालच्या पायरीच्या आत हिरव्या रंगात माझं नाव. अक्षर माझं.

वेंडेलला फोन लावला. म्हटलं, शिडी आता तुझीच, घेऊन जा. तो म्हणाला, "बाबा, पिस्तूल कुठे आहे?"

"वर्नाकडे दिलंय. येशील तेव्हा तेही घेऊन जा."

"मग येतो," म्हणाला.