राजूर घाटातला दुसरा गिअर

मलकापूर, ४ ऑक्टोबर २०२४

ती. उत्तमराव भाऊजींस,
अनंताचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या मानेवर घोर अन्याय झाला आहे. नवी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना दर वेळी मला मान डोलवायला लावते. इतके होकार मी लग्नानंतरही दिले नव्हते.

खरी अडचण पुढेच आहे. परवा आईला डोळ्याच्या इंजेक्शनासाठी बुलढाण्याला नेताना गाडी राजूर घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घुटमळली आणि वळणावर हातभर मागे सरकली. आई तिथेच उतरली, इंजेक्शन राहिलं. आता कुठल्याच गाडीतून घाट चढणार नाही म्हणते. डॉक्टरांनी आता सतरा तारीख दिलीय; ती चुकली तर उरलेला डोळाही जाईल. इंजिनाचा आवाज वाढला की मी लगेच पाय उचलतो, ॲव्हरेज जपतो, तरी असं का? तुमच्या कानांपुढे फोन हरला, म्हणून हे पत्र.

सुलभाताईस नमस्कार. रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.

आपला,
अनंता


पिंपळगाव राजा, ८ ऑक्टोबर

चि. अनंतास अ. आ.

गाडी ठीक आहे, पाय कंजूस आहे. तुझं इंजिन लहान; त्याले जोर येते तो जोरात फिरल्यावर. तू पाय उचलला की यंत्राले वाटते चढ सरला, ते वरचा गिअर टाकते. तिथं दम पुरत नाही, मग खालचा. नांगराले जुंपलेला ट्रॅक्टर तू वरच्या गिअरात हाकतो काय बे? खालच्या गिअरात चाक हळू फिरते, पण ताकदीनं फिरते.

घाटाच्या पायथ्याशी दांडा 'एम'वर घे, म्हणजे गिअर तुझ्या हाती राहते, दुसरा धर, एसी बंद कर अन् इंजिनाले ओरडू दे. थांबलास तर हँडब्रेक ओढ, गाडीनं जोर धरला की मगच सोड. ॲव्हरेज मायच्या डोळ्याहून मोठं आहे काय?

माझ्या कानातल्या यंत्राचे सेल तू पोळ्याले आणणार होतास. घाई नाही. सुलभाचं बोलणं ऐकू येत नाही, तेवढंच सुख.

तुझाच,
उत्तमराव


मलकापूर, १८ ऑक्टोबर

ती. भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. पोरावर नाही, पण जावयावर भरवसा आहे म्हणून ती बसली. घाटभर तिचा हात दांड्यावरच्या माझ्या हातावर दाबलेला होता. इंजिन ओरडत होतं, मी पाय उचलला नाही. पुढे ट्रक अडला तेव्हा हँडब्रेक ओढला. गाडी बोटभरही सरकली नाही. इंजेक्शन झालं. नजर आहे तेवढी टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. परतताना आई म्हणाली, की मांगं सरकणारी गाडी नव्हतीच, तूच होता.

लोभ याच गिअरात ठेवावा.

आपला,
अनंता

ता. क. सोबत सेलची चार पाकिटं आहेत. रविवारी यंत्र कानात घालून बसा. आईला तुमच्याशी फोनवर बोलायचंय.